कोपरा कापलेलं पाकीट

भिलाईत पाय ठेवला त्या दिवशी मी एक खोटं बोललो, आणि पुढची सगळी नोकरी त्या खोट्याच्या आधारानं केली. भरतीच्या रांगेत मुंशी विचारत होता, किती शिकला? माझ्या पुढचे दोघं खरं बोलले आणि त्यांच्या हाती घमेली आली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, सातवी. शिकलो होतो चौथी, आणि तीसुद्धा गुरुजींनी दया येऊन ढकललेली. मुंशीनं मान वर करून पाहिलं आणि मला स्टोअरमध्ये धाडलं.

स्टोअरचं काम सोपं होतं. फिटर यायचा, आपला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, मी त्याला पाना नाहीतर हातोडा द्यायचो आणि बिल्ला खिळ्याला अडकवायचो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. आकडे मला येत होते. इंग्रजी अक्षरं मी चित्रं ओळखावीत तशी ओळखायला शिकलो. कोणत्या आकाराचा अर्थ आत, कोणत्याचा बाहेर, कोणत्याचा धोका. धोक्याच्या खाली तर कवटीच काढलेली असे. एक शब्द मात्र पक्का पाठ होता, कारण तो माझ्या हजेरीच्या कार्डावर लाल शाईनं उमटायचा. लेट. एल, ए, टी, ई. कोहक्याहून पायी यायचो, त्यामुळं महिन्यातून तीन-चारदा तो शिक्का ठरलेलाच.

एकदा तोच शब्द मला नोटीस बोर्डावर दिसला. ऑफिसातले एक म्हातारे बाबू आजारपणात वारले होते आणि त्यांच्या नावाआधी तो छापला होता. मी टाइमकीपरला विचारलं, हे मेल्यावरही उशिरा आले काय? तो इतका हसला की हातातला चहा सांडला. मग त्यानं मला समजावलं.

"गेटावर लेट म्हणजे उशीर. कागदात नावासंगं लेट म्हणजे गेलेला. पहिल्यात पगार कटते, दुसऱ्यात नाव कटते."

हे मी ध्यानात ठेवलं. न शिकलेल्या माणसाचं असंच असतं. त्याला जे थोडं कळतं ते तो फार घट्ट धरून ठेवतो.

मी राहायचो कोहक्याला, एका कवेलूच्या म्हणजे कौलांच्या घरात. ते घर मला कसं मिळालं हे आधी सांगायला हवं. पहिल्या हिवाळ्यात मला ताप भरला. मजुरांच्या शेडमध्ये पडून होतो. शेजारी कोणी आंध्राकडचे, कोणी ओरिसाकडचे. त्यांची भाषा मला कळेना, माझी त्यांना. तापात मी सारखं "मले पानी द्या" म्हणत होतो म्हणे. कोक ओव्हनवरून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, घरी जाणारा एक माणूस ते 'मले' ऐकून थांबला आणि आत आला. माझ्या गावाचं नाव विचारलं, मग नदीच्या पलीकडलं आपलं गाव सांगितलं. मग माझं आडनाव विचारलं. ते मी सांगितलं.

"माह्या घरचं पानी चालन का तुले?" तो म्हणाला.

प्रश्न कळण्याइतका मी शुद्धीवर होतो. आमच्याकडे नदीच्या दोन्ही काठांवर आमच्या लोकांच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना चढू देत नव्हते. मी म्हणालो, चालते.

त्यांना मी काकाजी म्हणू लागलो आणि त्यांच्या घरच्यांना काकू. काकूंनी मला पंधरा दिवस पेज पाजली. बरा होऊन निघालो तर म्हणाल्या, जातं कुठं, एक चटई जास्तीची आहे. त्या चटईवर मी सहा वर्षं राहिलो. घरी आईला पत्र लिहिताना मात्र 'खानावळीत जेवतो' असं लिहायचो. हे माझं दुसरं खोटं.

काकाजी-काकूंनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले जुने देव काकूंनी टोपल्यात घालून मागच्या नाल्यात सोडले होते. भिंतीवर दोनच तसबिरी, एक बुद्धाची आणि एक ज्यांनी दीक्षा दिली त्यांची. कोट, चष्मा, हातात पुस्तक. तसबिरींच्या खाली पत्र्याची पेटी, आणि पेटीवर त्यांच्या पोराची पुस्तकं.

तो माझ्यापेक्षा एखाद वर्षानं लहान होता. सायकलनं दुर्गला जाऊन इंटर सायन्स करत होता. मी सातवी शिकलो आहे यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, म्हणून तो माझ्याशी पुस्तकातलं बोलायचा आणि मी मान हलवायचो. मान कुठं हलवायची हे मला त्याच्या आवाजावरून कळायचं.

दुर्गकडच्या मिशनमध्ये एक अमेरिकन बाई शिकवायच्या. त्यांच्याकडे तो इंग्रजी सुधारायला जायचा. त्यांनी त्याला आपल्या गावाजवळच्या एका कॉलेजाचा पत्ता दिला. बाहेरदेशची मुलं तिथं पहिल्या वर्षापासून घेतात, फी माफ होऊ शकते, लिहून तर पाहा. तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा काकाजी मोरीवर हात धूत होते. कोळसा नखांतून निघत नव्हता. ते ओले हात तसेच धरून तसबिरीकडे वळले.

"तेही तिकडंच शिकले होते," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून अमेरिका हे आमच्या घरचं एक काम झालं, जसं लाकडं आणणं, पाणी भरणं.

दोन-तीन महिन्यांनी बाईंच्या पत्त्यावर जाडजूड पाकीट आलं, आत फॉर्म. पत्र्याच्या पेटीवर चादर घालून आम्ही चौघं भोवती बसलो. पहिलाच प्रश्न, शेवटचं नाव काय. काकाजी म्हणाले, शेवटचं कसं विचारते, अजून तर सुरुवात नाही झाली. मग कळलं की तिकडे आडनाव लावतात शेवटी पण विचारतात आधी. मग मधलं नाव. तिकडे मधलं नाव म्हणजे पोराचंच आणखी एक नाव असतं, बापाचं नाही, असं बाईंनी त्याला सांगितलं होतं. तरी त्यानं मधे काकाजींचं नाव लिहिलं. काकाजी त्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिले, निम्मे तिकडे पोहोचलेच आहेत असे.

पत्त्याची पंचाईत झाली, कारण आमच्या घराला नंबर नव्हता. आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्यांची डाक कोहक्याच्या किराणा दुकानात यायची आणि दुकानदार कोणाच्याही हाती पोहोचती करायचा. म्हणून त्या दुकानाचा पत्ता टाकला. धर्माच्या रकान्यात त्यानं 'बौद्ध' लिहिलं आणि वरून पेन पुन्हा फिरवून ते गडद केलं. शेवटी एक अख्खं कोरं पान होतं. तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असावं असं तुम्हाला वाटतं?

"हे शिकवतात का लगन जमवतात?" काकू म्हणाल्या. "विडी पिते का, तेही विचारलं असन पाय मागच्या बाजूनं."

त्या पानावर लिहिलेलं त्यानं आम्हाला मराठीत करून सांगितलं. त्याचे वडील भट्टीच्या धगीत कसे काम करतात. आईनं शाळा बाहेरून सारवली पण आतून पाहिली नाही. आणि ज्या गावात वडिलांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागायचं, तिथून शंभरेक मैलांवर आता त्यांच्या घरी एक कुणब्याचा मुलगा रोज जेवतो. तो मुलगा मी. तो थांबला आणि मला म्हणाला, तुझं लिहिलं तर चालेल ना? माझ्या आईला मी ज्या घराचं नाव सांगितलं नव्हतं, त्या घरातलं माझं जेवण अमेरिकेला कळणार होतं. मी म्हणालो, लिही.

बातमी ओळीत पसरायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत भिलाईत जिकडे-तिकडे रशियन साहेब. कारखाना त्यांच्या मदतीनं उभा राहत होता, बाजारातले भाजीवालेसुद्धा रशियन आकडे बोलायचे. शेजारचा वेल्डर रोज टोमणा मारायचा. "रूसवाल्याच्या चुलीवर भाकर भाजतं, अन् आवतन अमेरिकेचं मागतं बे?" पुढं काकाजींच्या पोराचं नावच 'अमेरिका' पडलं. अमेरिका, नळाले पानी आलं का? अमेरिका, सायकल दे जरा. तो हसून सायकल द्यायचा.

फॉर्म, फोटो, कॉलेजचे दाखले, बाईंचं पत्र, सगळं एका पाकिटात घालून आम्ही दोघं दुर्गच्या पोस्टात गेलो. मी मागं कॅरियरवर, पाकीट छातीशी धरून. त्याला धरायला दिलं असतं तर हँडल कोण धरणार, म्हणून मी. पण मला वाटत होतं की त्यानं मला विश्वासानं दिलंय.

एप्रिलमध्ये तो परीक्षेला रायपूरला गेला. तीन आठवडे एका वर्गमित्राकडे राहणार होता. निघताना सायकलची किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, अमेरिकेचं काही आलं तर उघडून पाहा, तुले तं वाचता येते. मी मान हलवली.

त्याच सुमारास गावाहून पोस्टकार्ड आलं. काकाजींचे थोरले भाऊ, म्हणजे काकूंचे भासरे, जिल्ह्याच्या दवाखान्यात पडून होते. हालत बरी नाही, काही कमी-जास्त झालं तर दवाखान्यातून कळवतील, असं त्यात होतं. ते कार्ड मराठीत होतं, मी वाचून दाखवलं. काकू त्या दिवसापासून दाराकडे तोंड करून बसायला लागल्या. तांदूळ निवडायच्या तर दाराकडे, शिवायच्या तर दाराकडे.

त्या दिवशी माझी दुपारपाळी होती, म्हणून मी घरी. काकाजी कामावर. ऊन इतकं की कवेलूंतून धूळ गळत होती. शेजारीण मीठ आणायला दुकानात गेली होती, ती आमचं एक पाकीट घेऊन आली. तिनं ते दोन बोटांत धरलं होतं, अंगापासून लांब. काकूंकडे न पाहता माझ्या हाती दिलं आणि परत फिरली.

पाकिटाचा उजवीकडला वरचा कोपरा कापलेला होता.

आमच्याकडे मयतीच्या पत्राचा कोपरा कापतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचतात आणि वाचून झालं की फाडतात. ठेवलं तर ते घरातलं आणखी एक माणूस बोलावतं म्हणतात. काकूंनी देव सोडले होते, नवस सोडले होते, एकादशीचा उपास सोडला होता. पण तो कापलेला कोपरा दिसला आणि त्या उठून उंबऱ्याबाहेर आल्या. मनानं काय सोडलंय हे हातापायांना अजून कळलं नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी पाकीट उघडलं. एकच पातळ कागद, टाइप केलेला, वर छापील शिक्का. अमेरिकेचं पत्र जाडच येतं असं माझ्या डोक्यात होतं, फॉर्मचं आलं होतं तसं. तिकीट असतं तर कदाचित कळलं असतं. दवाखान्यालाही शिक्का असतोच. मी ओळींवरून बोट फिरवू लागलो. आडनाव दिसलं. फॉर्मवर मी ते पाहिलं होतं, त्याचा आकार मला माहीत होता. काकाजींचं आडनाव तेच, त्यांच्या भावाचंही तेच. आणि खाली, मधल्या ओळीत, मला ओळखीचा एकच शब्द दिसला. एल, ए, टी, ई.

त्याच्या पुढे आणखी एक अक्षर होतं. ते मला दिसलं होतं. एवढ्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की दिसलं नव्हतं. पण दिसलं होतं, आणि मी ते सोडून दिलं.

"भासरे गेले का?" काकूंनी विचारलं.

काकू, मला इंग्रजी वाचता येत नाही. एवढं एक वाक्य होतं. आमच्या ओळीत कोणाकडूनही वाचून आणता आलं असतं, दोन घरं सोडून एक बंगाली बाबू राहत होता. मी म्हणालो, "हो काकू. गेले."

काकूंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि फाडला. रडत नव्हत्या. आधी उभा फाडला, मग आडवा, मग भाजी चिरावी तसा बारीक. पाकीटही फाडलं. सगळं माझ्या ओंजळीत घातलं आणि म्हणाल्या, नाल्यात टाकून ये, मागं वळून पाहू नको. नाल्याला उन्हाळ्यात पाणी नव्हतं. मी ओंजळ रिकामी केली, तशी वाऱ्याची झुळूक आली आणि तुकडे उडून काठच्या बाभळीला जाऊन अडकले. मी मागं वळून पाहिलं.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं काकाजी-काकू गावाला गेले. मी घर राखायला राहिलो. सुतकात असल्यासारखा मीही चूल पेटवली नाही, मुरमुरे खाऊन राहिलो. कामावर जाता-येता ती बाभूळ वाटेत लागायची. काट्या-काट्याला पांढरे तुकडे, जसं झाडाला अवेळी फूल आलंय. त्यांची फडफड ऐकू यायची. मेलेल्या माणसाचं पत्र आहे म्हणून मी लांबून जायचो.

चौथ्या दिवशी दोघं परत आले, आणि काकू दारातच हसायला लागल्या. हसता हसता बसल्या. त्यांना नीट सांगताही येईना.

"मी दवाखान्याच्या दारातूनच गळा काढला. तं भासरे खाटेवर बसून खिचडी खाऊन राहिले होते. मलेच विचारते, कोन मेलं वो?"

खोटी मरणाची खबर आली की माणसाचं आयुष्य वाढतं असं आपल्यात म्हणतात. काकू सगळ्या ओळीत सांगत फिरल्या की म्हातारा आता शंभरी गाठतो. काकाजी मात्र हसले नाहीत. जेवायला बसल्यावर त्यांनी मला विचारलं, मग ते पत्र कोणाचं होतं? मी म्हणालो, आडनाव तुमचंच होतं. त्यांनी घास तसाच धरून विचार केला. दीक्षा घेतल्यापासून गावात काही लोक त्यांच्या वाईटावर होते. कोण्या जळकुट्यानं टाइप करून धाडलं असेल, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मीही गावाकडच्या त्याच बाजूचा. "तुह्या घरच्याइले नाही म्हणत मी," ते म्हणाले आणि माझ्या ताटात चटणी वाढली.

मला तेव्हाही काही कळलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. पण मन लागत नव्हतं. शिव्या गावाला पडत होत्या आणि काकाजींनी वाढलेली चटणी मी खात होतो.

आठवड्याभरानं मी दुकानात गेलो, काडेपेटी आणायला. दुकानदार हिंदी बोलणारा, आनंदी माणूस, त्याला तिकिटांचा नाद. रशियन तिकिटं तर त्याच्याकडे ढिगानं, साहेबांचे खानसामे आणून द्यायचे. गिऱ्हाईक नसलं की जुन्या वहीत खळीनं तिकिटं चिकटवत बसायचा. त्या दिवशी त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली. मधल्या पानावर एकटंच एक तिकीट होतं, बाकी पान कोरं.

"ये देखो. पूरे कोहका में एक ही है, अमरीका का," तो म्हणाला. "तुम्हारे ही घर की चिट्ठी से काटा था. बुरा तो नहीं लगा?"

मी म्हणालो, नाही. त्याच्या गावाकडे मयतीच्या पत्राला काय करतात हे मी त्याला विचारलं नाही. काडेपेटी तिथंच विसरून मी नाल्यावर गेलो. मधे दोन दिवस आंधी झाली होती. बाभळीवर काही उरलं नव्हतं. काट्यांत हात घालून शोधलं तेव्हा एक तुकडा मिळाला, नखाएवढा. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला तो रायपूरहून आला. पिशवी खाली ठेवण्याआधी त्यानं विचारलं, आलं का? मी म्हणालो, नाही. त्यावर काकूंनी त्याला खोट्या पत्राची सगळी गंमत सांगितली, कोपरा कापलेल्या पाकिटापासून खिचडीपर्यंत. तो पोट धरून हसला. मी पण हसलो. सांगायचं ठरवून मी रोज उठायचो. आधी म्हटलं, त्याचा थकवा जाऊ दे. मग म्हटलं, त्याचा निकाल लागू दे. असे दोन आठवडे गेले.

एका सकाळी मी पाळीवरून आलो तर तो नाल्याच्या काठी बसला होता. जवळ वही, पेन्सिल. मी लांबूनच ओळखलं की तो दुकानात जाऊन ते तिकीट पाहून आला आहे. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो रागात असेल असं वाटलं होतं. पण तो माझ्याकडे असं पाहत होता, जसं एखादं न सुटणारं गणित सुटल्यावर माणूस पाहतो.

"तुले इंग्रजी वाचता येत नाही. नाही का?"

मी म्हणालो, नाही येत. चार वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा खरं बोललो. मग खाली बसलो आणि मुंशीच्या रांगेपासून सगळं सांगितलं. लेटचा अर्थही सांगितला, टाइमकीपरनं सांगितलेला. त्यावर त्याचे ओठ जरासे हलले, एरवी असता तर हसला असता. त्यानं वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, जे पाहिलं ते काढ. मी अक्षरं काढली, चित्र काढावं तशी. चार अक्षरं काढून थांबलो. मग पाचवंही काढलं.

"आर होता?"

"होता."

त्यानं तो शब्द वाचला. लेटर. म्हणजे 'च्या नंतर'. अमुक तारखेच्या नंतर नाही, अशी ओळ असणार, तो म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं होतं की ज्यांना घेतात त्यांना एक तारीख देतात, त्या तारखेच्या आत हो कळवावं लागतं, मे लागला की जागा दुसऱ्याला जाते. मे निम्मा झाला होता. मग त्यानं शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, पण असंही असेल की तुमचे कागद तारखेनंतर आले, म्हणून आम्ही घेऊ शकत नाही. तेही याच शब्दानं लिहितात. दोन्ही याच शब्दानं.

मी त्याच्या हाता-पाया पडलो. म्हणालो, लिहून विचार. माझं नाव टाक, घरातल्या एका अडाण्यानं चूक केली असं लिही, बाईंना मधे घाल, दुसरं पत्र मागव. त्यानं हात सोडवून घेतला.

"विचारलं अन् त्याइनं कळवलं, का आमी तं तुले बोलावलं होतं. मंग मी तुह्यासंगं जेवाले कसा बसू? अन् मायच्या हाताकडं कसा पाहू? तिनं फाडलं ते."

मी वहीतली पाच अक्षरं पाहत बसलो.

"नाही विचारत," तो म्हणाला. "अन् मायले कधीच सांगायचं नाही. पत्र आलंच नाही."

त्यानं वहीचं ते पान फाडलं नाही. नुसती वही मिटली. घरी गेलो तेव्हा काकूंनी दोघांना एकदमच वाढलं, पाण्यातला शिळा भात, कांदा आणि आंबाडीची चटणी. तो माझ्या शेजारी बसला, रोजच्या जागी. त्यानं पहिला घास घेतला, मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, जेव. मी जेवलो.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं काकाजी म्हणाले. पण मिशनच्या बाई मधेच आपल्या देशी परत गेल्या, आणि कारखान्यात इंटर झालेल्या पोरांची शिकाऊ भरती निघाली. तो रोलिंग मिलमध्ये लागला. पुढं क्वार्टर मिळालं, लग्न झालं. मिलमध्येही लोक त्याला अमेरिकाच म्हणायचे. नवीन पोरांना वाटायचं, हा तिकडं जाऊन आलेला आहे. मला त्यानं सहा महिन्यांत इंग्रजी वाचायला शिकवलं, रोज एक पान, कधीही आवाज न चढवता. तो शिकवत असताना त्या पत्राचं नाव आमच्यात कधी निघालं नाही.

काकूंना मात्र ते पत्र कधी सुटलं नाही. म्हातारपणी, क्वार्टरच्या ओट्यावर बसून, मी भेटायला गेलो की त्यांचं सुरू व्हायचं. मेल्यांनी हो म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं, पण उत्तर तरी द्यायचं. एवढे पोराचे कागद धाडले, एक ओळ नाही लिहिली. असं बोलत त्या माझ्या ताटात भात वाढायच्या, मी नको म्हणत असताना. तो समोर बसलेला असायचा. माझ्याकडे एकदा पाहायचा, आणि मी तोंड उघडायचं ते घासासाठीच.

आता काकाजी-काकू नाहीत. तोही गेला. मी इंग्रजी कागद वाचतो, हळू वाचतो, प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि ते फाटलेलं पत्र मी अजून वाचत असतो. कधी त्यात त्याला बोलावलेलं असतं. कधी त्यात लिहिलेलं असतं की तुमचे कागद उशिरा पोहोचले, आम्हाला वाईट वाटतं. ज्या दिवशी नकाराचं पत्र मनात येतं, त्या दिवशी मला अन्न गोड लागतं, आणि मग लाज वाटते. माझा जीव हलका व्हावा म्हणून मी त्या माणसाला नकार यावा असं मागतो आहे. खरं काय होतं ते कॉलेजाच्या कुठल्या तरी कपाटात कदाचित अजून असेल. पत्ता मला माहीत नाही, पण शोधता आला असता, मुलाबाळांनी शोधून दिला असता. मी शोधलेला नाही. विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्याच्या शेजारी जेवायला बसून मी ते कबूल केलं होतं.